सत्तेचाळिसावा कान

१

सकाळी आठ वाजता यंत्राची हजेरी घेतली, तेव्हा साठातला एक कान गप्प होता.

केंद्रात सगळे त्यांना कानच म्हणत. लहरी टिपणारा ताटलीएवढा गोल ग्राहक, त्याच्या पाठीला एक तार, आणि तार घट्ट धरून ठेवणारा पितळी नट. असे साठ कान तीन लांब हातांवर, वीस-वीसच्या रांगेत बसवलेले होते. हे यंत्र उपग्रहावर चढून वरून जमीन ऐकणार होतं. ऊब असलेली प्रत्येक वस्तू, मग ती माती असो, भिंत असो की माणूस, आपणहून मंद सूक्ष्मलहरी सोडत असते. कोरडी माती जास्त सोडते, ओली कमी. त्यावरून कुठे किती ओल आहे याचा नकाशा निघतो. एकाच थाळीने हे ऐकायचं तर ती थाळी इमारतीएवढी लागली असती. म्हणून हे साठ छोटे कान. कुठल्याही दोन कानांनी ऐकलेलं एकमेकांशी ताडायचं, लहर कोणाकडे किंचित आधी पोचली ते मोजायचं, आणि अशा पावणेदोन हजार जोड्यांतून चित्र उभं करायचं.

गप्प होता तो सत्तेचाळीस क्रमांकाचा कान. आदल्या दिवशीच्या शेवटच्या चाचणीपर्यंत तो ठणठणीत होता.

प्रकल्पाच्या प्रमुख, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, त्या स्वतः भिंग घेऊन शिडीवर चढल्या. तारेच्या टोकाची मान तडकली होती. कोणीतरी नट वाजवीपेक्षा जास्त आवळला होता. गंमत अशी की ती चाचणी चालू असताना खोलीची दोन्ही दारं बंद होती, दिवे मालवलेले होते आणि आत चिटपाखरू नसायला हवं होतं.

मॅडम खाली उतरल्या आणि त्यांनी आदल्या दिवशीची चार ते चार-वीसची नोंद मागवली. कान नेमका कधी गेला ते तिच्यात दिसलं असतं.

नोंद जागेवर नव्हती. त्याच्या आधीची होती, नंतरची होती. मधली वीस मिनिटं कोणीतरी पुसून टाकली होती.

२

दुपारी मुख्य कार्यालयातून तपासाला बाई आल्या. पन्नाशी उलटलेल्या, ठेंगण्या, गळ्यात चष्म्याची दोरी. आधीची वीस वर्षं त्यांनी एका रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात काढली होती आणि मग यंत्रांच्या चौकशांकडे वळल्या होत्या. समोरचा बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, आणि त्याचं बोलून झालं तरी लगेच काही म्हणायचं नाही, ही त्यांची खोड. त्या गप्प बसण्यानेच माणसं घायकुतीला येत.

मॅडमनी आडपडदा न ठेवता सांगितलं की परवा संध्याकाळपर्यंत हे कोणी आणि का केलं ते कळलं नाही, तर प्रक्षेपणवाले यंत्र घेणार नाहीत. एका कानाला कोणी हात लावला असेल, तर बाकीच्या एकोणसाठांचा भरवसा कोण देणार? पुढची संधी चौदा महिन्यांनी होती. मॅडम स्वतः साडेतीनपासून पाचपर्यंत पडद्यावरच्या बैठकीत होत्या, आणि तो दीड तास अकरा माणसांनी त्यांचं तोंड पाहिलं होतं.

बाईंनी आधी खोली पाहिली. तिला मुकी खोली म्हणत. भिंती, जमीन, छत, सगळीकडे काळ्या फोमचे सुळके, त्यामुळे आत आवाजही घुमत नसे आणि लहरीही परतत नसत. यंत्र छताला उलटं टांगलेलं होतं, तिन्ही हात पसरून, तोंड जमिनीकडे. समोरासमोर दोन दारं, एक पुढचं, एक मागचं. आत कॅमेरा नव्हता, कारण त्याची कुरकुरही कानांना ऐकू गेली असती. बाई शिडीवर चढल्या. प्रत्येक नटावरून तो ज्यावर बसतो त्या बैठकीपर्यंत लाल रंगाची बारीक रेघ ओढलेली होती. सत्तेचाळीसच्या नटावर तेवढा डोक्यावर एक लाल ठिपका होता. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि मग त्या उतरल्या.

मग एकेकाला बोलावलं.

गुणवत्ता अधिकाऱ्यांना केंद्रात शिक्केसाहेब म्हणत, कारण त्यांच्या शिक्क्याशिवाय तिथला स्क्रूसुद्धा जागचा हलत नसे. खुर्चीच्या काठावर बसून, हातातल्या फायलीचे कोपरे जुळवत ते बोलले. चारच्या सुमाराला आपण टेबलावरच होतो, यंत्राची अंतिम फाईल लावत होतो, असं त्यांचं म्हणणं.

“मी कोणाचं नाव घेत नाही,” ते म्हणाले. “पुढच्या दाराच्या किल्ल्या दोन, एक मॅडमकडे, एक माझ्याकडे. मागच्या दाराची एकच, ती फोरमनकडे. आता मागचं दार उघडतं सामानाच्या बोळात, तिथे कोणी फिरकत नाही. बाकी तुम्ही जाणत्या आहात.”

फोरमन एकतीस वर्षांचे जुने. साठच्या साठ कान त्यांच्या हातांनी बसलेले, आणि निवृत्तीला चार महिने उरलेले. सकाळी त्यांना शिडीवर चढू दिलं नव्हतं, आणि तो अपमान त्यांच्या चेहऱ्यावरून अजून उतरला नव्हता. चार वाजता ते कोठारात तार शोधत होते. कोठारवाला चहाला गेला होता. कोणी पाहिलं का, तर नाही.

शेवटी आली चित्रं काढणारी. कानांच्या जोड्यांतून चित्र घडवायचं काम तिचं. ती फोरमनचीच सून, म्हणून अख्ख्या केंद्राची सूनबाई. नवरा परगावी नोकरीला होता आणि घरात ही दोघंच, सासरा आणि सून. नोंदीचं काय झालं असावं, असं बाईंनी विचारायला सुरुवात केली, तर प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर आलं की डिस्क खराब असेल, असं होतं कधीकधी.

ती गेल्यावर संगणक विभागाची चिठ्ठी आली. नोंद काल संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी पुसली गेली होती. सूनबाईच्या टेबलावरून, तिच्याच पासवर्डने.

३

चिठ्ठीतली बातमी बाईंच्या आधी उपाहारगृहात पोचली असावी. कारण त्या सूनबाईला बोलावणं धाडणार, एवढ्यात दार लोटून फोरमन आत आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“लिहून घ्या बाई. नट मी आवळला. चाचणी चालू असताना मागच्या दाराने गेलो. नट सैल राहिलाय असं मनाने घेतलं. हात जड पडला. मग पोरीला सांगितलं, नोंद पुसून टाक. तिचा काही दोष नाही. ती सासऱ्याला नाही कशी म्हणणार?”

बाईंनी लिहून घेतलं. नंतर विचारलं, की आवळल्यावर खूण केली का?

केली तर. ती केल्याशिवाय काम पुरं होतच नाही.

“कशी?”

“कशी म्हणजे? नेहमीसारखी. नटावरून खाली बैठकीपर्यंत रेघ. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते, त्यासाठीच असते ती.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. सत्तेचाळीसवर रेघ नाही, ठिपका आहे, असं त्यांनी सांगितलं. नुसता ठिपका, नट गरगर फिरला तरी जसाच्या तसा दिसेल असा. एकतीस वर्षं रेघ ओढणारा माणूस घाईगडबडीतही ठिपका देणार नाही. लाल रंग कशासाठी लावतात हे ज्याला ठाऊक नाही, फक्त लाल रंग असावा लागतो एवढंच ठाऊक आहे, असा कोणीतरी तिथे चढला होता.

फोरमननी आपली कबुली तरीही मागे घेतली नाही.

“तुम्ही आत गेलाच नव्हता,” बाई म्हणाल्या. “मग कोणासाठी खोटं बोलताय?”

त्यांनी नजर खाली वळवली. आणि बाईंना एक गोष्ट आठवली, जी त्यांनी अजून विचारली नव्हती. मागच्या दाराची किल्ली घरी कुठे असते?

दाराजवळच्या खुंटीवर, फोरमन हळूच म्हणाले. छत्रीशेजारी. त्या दाराचं काम असेल तेव्हाच बरोबर आणतो.

४

सूनबाई आली तेव्हा तिच्या हातात पेन ड्राइव्ह होता. सासऱ्यांनी कबुली दिली हे तिला कळलं होतं. बाईंनी फक्त एवढंच सांगितलं की ती कबुली खोटी आहे. सूनबाईने पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला.

नोंद तिने पुसली होती, पण आधी तिची प्रत काढून ठेवली होती. मोजलेलं फेकून द्यायला हात धजला नाही, म्हणाली.

पडद्यावर तिने चित्रं लावली, मिनिटाला एक. निळीशार जमीन, सगळीकडे सारखीच, कारण फोमचे सुळके सगळे एकाच उबेचे. चार-सातच्या चित्रात मागच्या दारापाशी एक फिकट पिवळा डाग उमटला. अंधारात आत आलेला माणूस. त्याला वाटलं असणार, दिवे नाहीत, कॅमेरा नाही, आपल्याला कोण बघतंय. पण उबदार अंग घेऊन तो अशा यंत्राखाली आला होता, ज्याला दिवा लागतच नाही. डाग चार पावलं पुढे सरकला, थांबला आणि नऊ मिनिटं तिथेच राहिला. चार-तेराला सत्तेचाळीस क्रमांकाचा कान मेला. चार-सतराला डाग परत मागच्या दाराशी गेला आणि विझला.

“मागचं दार म्हणजे बाबाच,” सूनबाई म्हणाली. “दुसरं काही सुचलंच नाही मला. चार महिने राहिलेत त्यांचे. एका नटासाठी चोरासारखं बाहेर काढलं असतं त्यांना.”

“त्यांना विचारलंस?”

“नाही. रात्री जेवताना समोरासमोर बसलो होतो. विचारलं असतं आणि ते हो म्हणाले असते तर?”

ती गेल्यावर बाईंनी हिशेब मांडला. सून समजत होती सासरा आत गेला. सासऱ्याला वाटत होतं सून खुंटीवरची किल्ली घेऊन गेली. दोघांपैकी एक नक्की खोटं बोललं होतं, आणि ते पकडलंही गेलं होतं. दुसरीचं काय? ठिपका तिनेही दिला असता. तिला रेघेचं काय ठाऊक? नोंद पुसणारी ती, प्रत जपणारी ती, आणि आता सासऱ्याकडे बोट दाखवणारं चित्र आणून देणारीही तीच. रडू खरं असलं म्हणून बोलणं खरं असतं असं नाही, हे बाईंनी पुष्कळदा पाहिलं होतं.

तिला कामावरून दूर ठेवावं, असा कागद त्यांनी लिहायला घेतला. आणि अर्ध्यावर थांबल्या.

५

टेबलावर खोलीचा आराखडा होता. बाईंनी पारदर्शक कागदावर डागाची जागा गिरवली आणि तो कागद आराखड्यावर ठेवला. मग चष्मा पुसून पुन्हा ठेवला.

सत्तेचाळीस क्रमांकाचा कान ज्या हातावर होता, तो हात पुढच्या दाराकडे पसरलेला होता. उरलेले दोन हात मागच्या भिंतीच्या दोन कोपऱ्यांकडे. डाग नऊ मिनिटं उभा होता तो मागच्या दाराजवळ, बरोबर त्या दोन हातांमधल्या मोकळ्या जागेत. डोक्यावर एकही कान नाही तिथे. सत्तेचाळीस तर तिथून पार पलीकडे. त्या जागी उभं राहून कोणी तो नट आवळला असेल, तर त्याचे हात खोलीएवढे लांब असायला हवेत.

एक्स-रे विभागात एकदा एका रुग्णाचं हृदय उजवीकडे निघालं म्हणून चार डॉक्टर धावत आले होते. रुग्ण बिचारा घाबरून अर्धा झाला. फिल्म उलटी टांगली होती, बस.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बाईंनी सगळ्यांना पडद्यासमोर बोलावलं. मॅडम, शिक्केसाहेब, सूनबाई. फोरमनना त्यांनी मुक्या खोलीत पाठवलं आणि सांगितलं, मागच्या दाराला पाठ लावून पाच मिनिटं उभे राहा. सूनबाईने परवाचाच प्रोग्राम लावायचा, त्यात काडीचाही बदल करायचा नाही. एक कान गेला तरी उरलेल्यांच्या जोड्यांतून चित्र येणार होतं.

दिवे मालवले, दारं लागली. मॅडम घड्याळ बघत होत्या. शिक्केसाहेबांनी विचारलं की हा खेळ कशासाठी, आणि बाईंनी पडद्याकडे बोट दाखवलं.

पडदा निळा झाला. मग पिवळा डाग उमटला.

पुढच्या दारापाशी.

सूनबाई खुर्चीतून अर्धवट उठली. बाबा मागच्या दाराशी होते, हे दारं लागायच्या आधी सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तिने प्रोग्राम उघडला, ओळी खाली-वर केल्या, आणि एका ओळीपाशी तिचं बोट थांबलं. हा नवा प्रोग्राम तिने चाचणीच्या दिवशी सकाळीच चढवला होता. कानांच्या जोड्या ताडताना पहिला वजा दुसरा घ्यायचा, तिथे दुसरा वजा पहिला पडलं होतं. त्यामुळे अख्खं चित्र अर्ध्या चक्राने फिरलं होतं. खोली चहूबाजूंनी सारखीच काळी, म्हणून फिरलेलं कोणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

“माझीच चूक,” ती पुटपुटली. “चूक माझी, आणि मी बाबांना...”

बाई तिच्याकडे बघत नव्हत्या.

“म्हणजे परवाचा माणूस पुढच्या दाराने आला,” त्या म्हणाल्या. “सत्तेचाळीसच्या बरोबर खाली नऊ मिनिटं उभा राहिला, आणि पुढच्याच दाराने गेला. त्या दाराच्या किल्ल्या दोन.”

मॅडमनी शिक्केसाहेबांकडे पाहिलं. शिक्केसाहेबांनीही मॅडमकडे पाहिलं.

६

फोरमन आत येऊन बसेपर्यंत बाई थांबल्या. मग बाईंनी त्यांना एकच प्रश्न विचारला. सत्तेचाळीसचा नट पहिल्यांदा आवळून खूण कधी केली होती?

केलीच नव्हती, फोरमन म्हणाले. त्याची नटाखाली बसणारी चकती आलेली नव्हती. म्हणून तो हाताने बसवून ठेवला आणि चिठ्ठी दिली, एकोणसाठ झाले, एक बाकी. खिशातल्या वहीत तारखेसकट लिहिलेलंही होतं. चकती आल्यावर बोलावतील म्हणून ते वाट पाहत राहिले. नंतर फायलीवर सगळं पूर्ण असा शेरा पडल्याचं कानावर आलं, तेव्हा त्यांना वाटलं की दुसऱ्या कोणाकडून करून घेतलं असेल.

“चिठ्ठी कोणाला दिली?”

फोरमननी मान वळवली. सांगायची गरज पडली नाही.

बाईंनी मग शांतपणे सगळं मांडलं. मॅडम बैठकीत होत्या, अकरा साक्षीदार आहेत. फोरमन असते तर रेघ असती. सूनबाईपाशी पुढच्या दाराची किल्ली नाही, आणि चित्र उलटं आहे हे तिला ठाऊक असतं तर तिने सासऱ्यावर येणारी नोंद पुसायचा खटाटोप कशाला केला असता? उरला एक जण. त्याने न बघता फायलीत साठांपुढे साठ बरोबरच्या खुणा केल्या होत्या. परवा अंतिम फाईल लावताना चिठ्ठी पुन्हा हाताशी आली आणि त्याला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी यंत्र पेटीबंद होणार होतं. उघड सांगितलं असतं तर फोरमननी पाच मिनिटांत नट नीट केला असता. पण मग शिक्का खोटा ठरला असता.

शिक्केसाहेबांनी फायलीचे कोपरे पुन्हा एकदा जुळवले.

“तडकल्याचा आवाजसुद्धा आला नाही,” ते म्हणाले. “त्या खोलीत आवाज येतच नाही. विजेरीच्या उजेडात मला वाटलं, झालं, घट्ट बसला. सव्वीस वर्षांत माझा एक कागद परत आलेला नाही, बाई. एकसुद्धा नाही.”

“आणि फोरमनचं नाव?”

“नाव मी घेतलं नव्हतं.” त्यांनी फाईल टेबलावर ठेवली. “हो. घेतल्यासारखंच होतं ते.”

त्यांनी किल्ली काढून मॅडमसमोर ठेवली. त्या दिवशी ते जेवायच्या सुट्टीआधीच घरी गेले आणि पुन्हा केंद्रात दिसले नाहीत.

दुपारी फोरमन नवी तार घेऊन शिडीवर चढले. मॅडमनी खालून शिडी धरली होती. पाचच्या सुमाराला सत्तेचाळीसने हजेरी दिली आणि प्रक्षेपणवाल्यांनी कारण लेखी मिळाल्यावर यंत्र घ्यायचं कबूल केलं. बाईंनी अहवालात सूनबाईने नोंद पुसल्याचंही लिहिलं, गाळलं नाही. तिला सहा महिने चित्रांपासून लांब राहावं लागणार होतं. तिने वाचून सही केली आणि एकच विचारलं, बाबांवर मी संशय घेतला, हे त्यांना मी सांगू की तुम्ही सांगाल?

तूच सांग, बाई म्हणाल्या.

संध्याकाळी बाई गाडीची वाट पाहत फाटकाशी उभ्या होत्या. सूनबाई स्कूटर घेऊन थांबली होती. फोरमन बाहेर आले, स्कूटरकडे पाहिलं, आणि न थांबता पायीच चालू लागले. ती काही क्षण तशीच उभी राहिली. मग स्कूटर चालू न करता, दोन्ही हातांनी ढकलत त्यांच्या मागे निघाली. चढ होता, तिला दम लागत होता. पन्नासेक पावलं अशी गेली. मग फोरमननी चाल मंद केली, मागे न बघता एक हात स्कूटरच्या हँडलला लावला आणि ढकलू लागले.

“मलाही वाटलं होतं, तूच गेलीस,” त्यांचं बोलणं बाईंना ऐकू आलं. “खुंटीवरची किल्ली तपासली मी, काल घरी गेल्यावर. दोनदा.”

पुढचं ऐकू आलं नाही. वळणापर्यंत दोघं ढकलत गेली.